हॉर्मोन घेतले म्हणजे स्त्रीवाद सोडला का?

घामाने भिजून रात्री जाग येते, डॉक्टर हॉर्मोन सुचवतात आणि चळवळीतल्या मैत्रिणी म्हणतात, पाळी जाणं हा आजार नाही, औषध घेणं म्हणजे कंपन्यांपुढे मान तुकवणं. हा तुझा पेच. मैत्रिणींचा राग अगदीच निराधार नाही. १९६६ साली एका अमेरिकी डॉक्टरने पुस्तक लिहून पाळी जाण्याला 'कमतरतेचा रोग' ठरवलं. इस्ट्रोजेन हे हॉर्मोन घ्या, तरुण दिसा, नवरा खूश, असा एकूण सूर. त्याला औषध कंपन्यांचा पैसा होता. १९७५ मध्ये नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढल्याचं दिसलं.

पण तेव्हा तिथल्या स्त्री-आरोग्य चळवळीने काय मागितलं, ते मैत्रिणींना सांग. धोके लिहिलेला कागद औषधाबरोबर थेट बाईच्या हातात द्या, ही त्यांची मागणी होती. इस्ट्रोजेनसाठी १९७७ मध्ये तसा नियम झाला, कंपन्या कोर्टात गेल्या तरी टिकला. मला तरी स्त्रीवाद तिथे दिसतो. दुखणं मुकाट सोसायला तर आपल्याला आजीपासून शिकवलंय, त्यासाठी वेगळी चळवळ कशाला?

२००२ च्या हॉर्मोनवरच्या मोठ्या अमेरिकी चाचणीने सगळ्यांना घाबरवलं. स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, असे मथळे आले. आकडा खराच, पण त्याचा अर्थ असा: दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध म्हणजे दोन हॉर्मोनची एक विशिष्ट गोळी. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं आज मानतात.

गर्भपिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन हवंच. गोळीपेक्षा त्वचेवरच्या जेलने रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी. मी स्वतः जेलच लावते. फक्त कोरडेपणाचा त्रास असेल तर योनीत लावायचं क्रीम पुरतं. स्तनांचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात झाला असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर बिनहॉर्मोनी औषधांबद्दल विचार. तीही आहेत.

आणि 'नैसर्गिक' म्हणणाऱ्यांनी बीडकडे बघावं. ऊसतोडीत खाडा पडू नये म्हणून तिशीतच पिशवी काढलेल्या बायका २०१९ मध्ये बातम्यांत आल्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर ऐन तारुण्यात एका दिवसात पाळीचं वय संपतं, हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा बाईला निदान पन्नाशीपर्यंत हॉर्मोन द्यावेत असा वैद्यकीय सल्ला आहे. तिला तो कोण देतं? इथे औषध न मिळणं हाच अन्याय आहे.

तू डॉक्टरांना एवढं विचार: कोणतं हॉर्मोन, किती, कोणत्या रूपात, आणि पुन्हा आढावा कधी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कधी रक्त दिसलं असेल, तर ते आधी सांग. कारण कळल्याशिवाय हॉर्मोन सुरू करायचे नाहीत.