ती प्रति-नोटीस पाठवू नका

प्रश्न : अमेरिकी रहस्यकथाकार रेमंड चँडलर १९५९ साली वारले, म्हणजे भारतात त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट संपला. म्हणून मी आणि माझ्या चित्रकार मित्राने त्यांच्या ‘द बिग स्लीप’ या कादंबरीवर ग्राफिक कादंबरी केली, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. कादंबरीतलं एकही वाक्य जसंच्या तसं घेतलेलं नाही. इंग्रजी आवृत्ती एका अमेरिकी ऑनलाइन कंपनीमार्फत जगभर विक्रीला ठेवली. तीन महिन्यांत हक्कधारकांची तक्रार गेली आणि कंपनीने पुस्तक काढून टाकलं. त्यांच्या वकिलांचे दोन ई-मेलही आले, पण इथे हक्क संपलेले असल्याने आम्ही उत्तर दिलं नाही. आता कंपनीचा प्रति-नोटिशीचा, म्हणजे तक्रार अमान्य करून पुस्तक परत लावायला सांगण्याचा, फॉर्म भरून ठेवला आहे. पाठवू का? की आधी इथल्या कोर्टात दावा लावावा? आणि पुढचं पुस्तक कॉर्नेल वूलरिच यांच्या ‘इट हॅड टू बी मर्डर’ या कथेवर करायचं आहे, ते चालेल ना?

उत्तर : भारतापुरता तुमचा हिशेब बरोबर आहे. मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं धरली की ३१ डिसेंबर २०१९ येतो. ‘लेखक वारला, मग पुस्तक सगळ्यांचं’ एवढ्या एका वाक्यावर पुस्तक काढून मोकळे झालेल्यांची पत्रं इतकी येतात, की त्यावर पुन्हा लिहीत नाही. प्रश्न भारताचा नाहीच. अमेरिकेत या पुस्तकाचा हिशेब लेखकाच्या मृत्यूवरून होत नाही, प्रकाशनावरून होतो. १९३९ साली प्रसिद्ध झालेलं, १९६७ साली कॉपीराइटचं नूतनीकरण झालेलं पुस्तक तिथे पंचाण्णव वर्षं संरक्षित, म्हणजे १ जानेवारी २०३५ पर्यंत थांबा. नूतनीकरणाची ओळ अमेरिकी आवृत्तीत शीर्षकपानाच्या मागे बहुधा छापलेली असते. तुम्ही कादंबरी पानोपान चितारलीत, तेवढं एक पान मात्र उलटलं नाहीत.

आता तो फॉर्म. तुम्ही वरचा रकाना भरलात, जिथे आपली बाजू मांडायची असते. खालची छापील वाक्यं वाचलीत का? एकात तुम्ही शपथपूर्वक म्हणता, की पुस्तक चुकीने किंवा ओळखण्यातल्या गफलतीने काढलं गेलं, असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतं. गफलत कसली? त्यांनी बरोबर तेच पुस्तक ओळखलं. दुसऱ्यात तुम्ही म्हणता, की मी अमेरिकेबाहेर राहतो, त्यामुळे ही कंपनी जिथे सापडेल तिथल्या फेडरल कोर्टाचं अधिकारक्षेत्र मला मान्य आहे आणि तक्रारदाराने बजावलेलं समन्स मी स्वीकारीन. तुमचं सगळं प्रकरण या वाक्यावर उभं आहे, बाकीचा फॉर्म गौण.

कारण सांगतो. अमेरिकी कोर्टाचा हुकूमनामा इथे थेट बजावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ब्रिटन, सिंगापूर अशा अधिसूचित देशांच्या वरिष्ठ कोर्टांचे हुकूमनामे इथल्या जिल्हा न्यायालयात दरखास्तीला, म्हणजे थेट अंमलबजावणीला, लावता येतात, अमेरिका त्या यादीत नाही. तिथला निकाल घेऊन येणाऱ्याला इथे त्या निकालावर नवा दावा लावावा लागतो, आणि तेव्हा कलम १३ तुमच्या हाताशी असतं : निकाल देणारं कोर्ट सक्षम होतं का, निकाल गुणदोषांवर झाला का. एकतर्फी निकालावर हे दोन्ही आक्षेप चांगले चालतात. पण ‘मला त्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य आहे’ असं तुम्हीच सही करून दिलंत, की सक्षमतेचा आक्षेप जवळजवळ गेलाच. प्रति-नोटीस गेल्यावर तक्रारदाराला दावा लावण्यासाठी साधारण दहा ते चौदा कामकाजाचे दिवस मिळतात. दोन ई-मेल पाठवणारे वकील ते दिवस फुकट घालवणार नाहीत. तिथे हेतुपुरस्सर उल्लंघन ठरलं तर वैधानिक नुकसानभरपाई, म्हणजे प्रत्यक्ष तोटा सिद्ध न करता मिळणारी, एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते. आणि नोटीस मिळूनही गप्प बसणं हेतुपुरस्सरच्या बाजूने वाचलं जातं. ‘उत्तर दिलं नाही’ हे तुम्ही मोठ्या ठसक्यात लिहिलंय, म्हणून सांगितलं.

सही केली नाही म्हणजे अमेरिकेत दावा होणारच नाही, असं नाही. विक्री तिथे झाली आहे, तेवढ्यावर ते कोर्ट अधिकार गृहीत धरू शकतं. शिवाय कंपनीशी केलेल्या करारात ‘जगभरातले हक्क माझ्याकडे आहेत, वाद झाल्यास भरपाई मी देईन’ अशा अर्थाचं कलम बहुधा असेलच. करार मला पाठवलेला नाही, त्यामुळे त्यावर ठाम काही बोलत नाही. विक्रीचे देश निवडायचा रकाना मात्र होता, आणि तिथे ‘जग’ निवडणारे तुम्हीच.

इथे आधी दावा लावायचा तर आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६० आहे, निराधार धमक्यांविरुद्ध. पण त्यांची धमकी अमेरिकेतल्या विक्रीबद्दल आहे आणि तिथे ती निराधार नाही. तरीही लावलात, तर समन्स परदेशात बजावण्यात एक काळ जाईल, मग लेखी म्हणण्यासाठी मुदतवाढी, मग मुद्दे निश्चित व्हायची वाट. निकाल लागेपर्यंत २०३५ उजाडेल आणि पुस्तक तिथेही आपोआप मोकळं होईल. वकिलाची फी तेवढी गेलेली असेल.

वाक्यं आपली असल्याचा बचाव सोडून द्या. गोष्ट किंवा कृती मुख्यतः चित्रांतून सांगणारी आवृत्ती म्हणजे रूपांतर, असं आपल्याच कायद्याच्या कलम २(अ) मध्ये स्पष्ट लिहिलंय. तिकडचा कायदाही रूपांतराचा हक्क हक्कधारकाकडेच ठेवतो.

तुम्ही पाठवलेल्या नमुना पानांत मला आणखी एक गोष्ट खटकली. तुमच्या पुस्तकात जनरलच्या मोठ्या मुलीचं आडनाव रटलेज आहे आणि बेपत्ता माणूस शॉन रीगन. कादंबरीत ती व्हिव्हियन रीगन आहे, त्या रीगनचीच बायको, आणि त्याचं नाव रस्टी. रटलेज आणि शॉन ही नावं याच कादंबरीवरच्या १९४६च्या चित्रपटातली. जुगारअड्डेवाला एडी मार्स तुमच्याकडे शेवटी स्वतःच्याच माणसांच्या गोळ्यांनी मरतो. तेही चित्रपटातच घडतं, कादंबरीत तो जिवंत राहतो. भारतात चित्रपटाला प्रकाशनापासून साठ वर्षं मिळतात, म्हणजे तो इथे मोकळा आहे. पण पटकथा ही स्वतंत्र साहित्यकृती धरली, तर तिच्या सहलेखिका ली ब्रॅकेट १९७८ साली वारल्या, आणि संयुक्त कृतीत शेवटच्या लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात. हा मुद्दा कोर्टात कसा सुटेल सांगता येत नाही. मग त्यात शिरताच कशाला? मराठी आवृत्तीच्या पुढच्या छपाईआधी ती नावं आणि तो शेवट कादंबरीप्रमाणे करून घ्या. नायकाचा चेहरा त्या चित्रपटातल्या हम्फ्री बोगार्टसारखा काढलाय, तोही बदला.

सध्या करायचं ते असं. फॉर्म पुसून टाका. त्या वकिलांना तुमच्या वकिलामार्फत चार ओळींचं पत्र जाऊ द्या : अमेरिकेतली विक्री थांबली आहे, पुन्हा सुरू होणार नाही, आणि आमचे सर्व हक्क व हरकती राखून हे लिहीत आहोत. चूक कबूल करायची नाही, भांडायचंही नाही. किती प्रती गेल्या हे त्यांनी विचारलं तर खरा आकडा द्या. तो लहान असेल तर बहुतेकदा प्रकरण तिथेच मिटतं. इंग्रजी आवृत्ती भारतात विका. कॅनडातही चालेल, तिथे चँडलर २०१० पासून मोकळे आहेत. ब्रिटन आणि युरोपमध्ये सत्तर वर्षांचा हिशेब आहे, तिथे २०३० उजाडू द्या. चित्रकार मित्राशी लेखी करार झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर या आठवड्यात करा. चित्रांचा पहिला मालक तो असण्याचीच शक्यता जास्त, आणि नोटिशीनंतर दोस्त्या बदलतात.

वूलरिचचं म्हणाल, तर ते १९६८ साली वारले, त्यामुळे भारतात २०२८ संपेपर्यंत हात लावू नका. अमेरिकेत १९४२ची ती कथा २०३७ संपेपर्यंत संरक्षित आहे. याच कथेवर हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ हा चित्रपट झाला. तिच्या नूतनीकरणाचे हक्क शेल्डन अबेंड नावाच्या माणसाने वूलरिचच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या बँकेकडून ६५० डॉलर आणि मिळकतीतला दहा टक्के वाटा एवढ्यावर घेतले, आणि चित्रपटाच्या मालकांशी भांडत १९९० साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात जिंकला. एवढ्या लढाईनंतर हाती आलेला हक्क कोणी सहज सोडून देत नाही. कथा तीच हवी असेल तर आधी हक्कधारकांच्या एजंटाला लिहा, आणि परवानगीत मुदत व देश दोन्ही लिहून घ्या. आपल्या कायद्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि वर्षभरात हक्क वापरला नाहीत तर करारात वेगळं काही नसल्यास तो गळूनही पडतो. तुमच्या कामाचा वेग पाहता, वर्षभराची ती अट करारात बदलून घ्या.