जुलैमध्ये आई-वडिलांना घेऊन माथेरानला जायचंय, नेरळहून मिनी ट्रेन मिळेल का?

नाही, जुलैमध्ये नेरळहून ट्रेन मिळणार नाही. पण वरचा शेवटचा टप्पा, अमन लॉज ते माथेरान, शटल चालू असते आणि वडीलधाऱ्यांसाठी तेवढी पुरते. मी नेरळलाच राहतो. दरवर्षी जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत घाटातली गाडी बंद ठेवतात. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची लाइन जवळपास २१ किलोमीटर डोंगराच्या कडेकडेने चढते आणि पावसात तिच्यावर दरडी येतात. २००५च्या जुलैत तर रूळ इतके उखडले की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं.

तुम्ही असं करा: नेरळ स्टेशनबाहेरून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत या. त्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे, स्वतःची गाडी आणलीत तरी ती तिथेच लावावी लागते. अमन लॉज स्टेशन तिथून चालत काही मिनिटांवर आहे. शटलचं तिकीट आधी काढा, चहा नंतर. शनिवार-रविवारी रांग फार लांबते. तांबड्या मातीचा चिखल होतो, त्यामुळे आई-वडिलांना चपलेऐवजी चांगली पकड असलेले बूट घालायला सांगा. शार्लट लेक या दिवसांत भरून वाहतो, तो नक्की दाखवा. पॉइंटवरून मात्र बहुतेक वेळा धुकंच दिसेल.

फक्त, अतिवृष्टीत शटलही रद्द होते, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी हॉटेलवर फोन करून विचाराच.