निम्मे-निम्मे, पण कशातले?

प्रश्न : सर, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आईचा सावजी मसाला आम्ही ऑनलाइन विकतो. बारावीपर्यंत सोबत असलेली माझी मैत्रीण आता बंगळुरूला शिकते. इन्स्टाग्राम, जाहिराती आणि पैसे घेणं तिच्याकडे. मसाला, पॅकिंग, कुरिअर माझ्याकडे. आलेले पैसे निम्मे-निम्मे. 350 रुपयांच्या पाकिटामागे ती मला 175 पाठवते. मला मसाल्याला 110, पाउच-लेबलला 15 आणि कुरिअरला 60 लागतात. लिहून काही ठेवलेलं नाही, त्यामुळे बोलायचा हक्कही नाही. घरी मी फक्त विक्रीचा आकडा सांगते. बाबा म्हणतात, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर बँकेच्या परीक्षेला बस. एमबीए करू की बँकेची तयारी?
– एक विद्यार्थिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तीन आकडे तू लिहिलेस, बेरीज मात्र केली नाहीस. 110, 15 आणि 60 मिळून 185 होतात. हातात येतात 175. म्हणजे पाकिटामागे 10 रुपये पदरचे घालून तू मसाला विकते आहेस, आणि विक्री जितकी वाढेल तितकी जास्त बुडते आहेस. परत आलेल्या पार्सलांचं कुरिअर यात धरलेलंच नाही. इतवारीतून खडा मसाला आणायचा, दगडफूल निवडायचं, भाजायचं, दळायचं. या सगळ्याची आईची मजुरी त्या 110 मध्ये आहे का? मला शंका आहे.

कॉस्टिंग शिकलेल्या मुलीला हे दिसलं नसेल, असं मी मानत नाही. तुला दिसलं आणि तू वही मिटलीस. कारण तुझ्याच पत्रात आहे : ‘घरी मी फक्त विक्रीचा आकडा सांगते.’ मैत्रिणीपेक्षा या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. मैत्रिणीशी हिशेबाचं बोललीस आणि बिनसलं, तर धंदा बंद. धंदा बंद म्हणजे घरी ‘सांगितलं होतं ना’ आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर बँकेच्या परीक्षेची पुस्तकं. या भीतीपोटी तू तिकडे काही मागत नाहीस आणि इकडे काही सांगत नाहीस. सौदा मोडायची ज्याला सोय नाही, त्याला समोरचा जे देईल ते घ्यावं लागतं. ती सोय तुझ्या घरातच काढून घेतली गेली आहे.

बाबांनाही दोन शब्द. ‘हे काय करून राहिली तू?’ असं रोज विचारणं आणि एकदाही वही न मागणं, याला लक्ष घालणं म्हणत नाहीत. मुदत देणं सोपं असतं, काका. मुलीशेजारी बसून पाच पाकिटांचा हिशेब मांडला असतात, तर हे पत्र मला आलंच नसतं.

आता हक्काचं. लिहिलेलं नाही म्हणजे भागीदारी नाही, हा गैरसमज काढून टाक. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार तोंडी ठरलेली भागीदारीसुद्धा भागीदारीच असते, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा असतो. नफा, विक्री नव्हे! तुम्ही वाटताय ती विक्री. समज, मैत्रिणीला जाहिरातीपोटी पाकिटामागे 45 रुपये लागतात. तिचे 45 आणि तुझे 185 आधी वजा केले तर उरतात 120, म्हणजे दोघींना 60-60. आज तिच्याकडे 130 राहतात आणि तुझ्याकडे उणे 10. मात्र तुला न आवडणारी बाजूही ऐक. जास्त राबणाऱ्या भागीदाराला कायदा आपणहून मेहनताना देत नाही, तो आधी ठरवावा लागतो. रात्री बारापर्यंत पॅकिंग केलंस म्हणून तुझा वाटा वाढत नाही.

मैत्रीण लबाडच आहे, असं मी म्हणणार नाही. बंगळुरूच्या खोलीतून तिला तुझं कुरिअरचं बिल दिसत नसेल. म्हणून तक्रारीचा सूर न लावता हिशेब पाठव : दोघींचा खर्च आधी, उरलेलं निम्मं, दर रविवारी पैसे, इन्स्टाग्रामचा पासवर्ड आणि ऑर्डरची यादी दोघींकडे. तुझ्या मेहनतान्याचंही त्यातच लिही. तिच्या हातात गिऱ्हाईक आहे, पण मसाल्याला हात आईचा आहे, आणि पाकिटावर छापलेला एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा नंबर आईच्याच नावावर असणार. तो नसेल तर विक्री आजच थांबव. राज्याबाहेर माल जात असेल तर जीएसटी नोंदणीला छोट्या उलाढालीची सवलत मिळत नाही, हेही एखाद्या सीएकडून समजून घे.

एमबीएला राज्याची सीईटी, बँकेला आयबीपीएस. पीओसाठी, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या पदासाठी, वयाची मर्यादा 30 आहे, फॉर्म भर, घाई कसलीच नाही. पण धंदा की बँक हे आज ठरवू नकोस, कारण तू धंदा अजून केलेलाच नाहीस, मैत्रिणीला मसाला स्वस्तात पुरवला आहेस. नव्या हिशेबानं तीन महिने चालव. 60 रुपयांसाठी एवढी यातायात परवडत नाही असंही निघेल. मग खुशाल बँकेचा अभ्यास कर.

ती नाही म्हणाली, तर तुमची मुदत न ठरलेली भागीदारी लेखी नोटीस देऊन मोडता येते. व्हॉट्सअॅपवर वाद घालत बसू नकोस, ईमेल पाठव आणि प्रत ठेव. त्याच दिवशी पाउचवाल्यालाही कळव. नाहीतर तिनं पुढे घेतलेल्या उधारीसाठीही तो मानेवाड्यालाच येईल, बंगळुरूला जाणार नाही.