एमिनेमपेक्षा मोठा रॅपर झालाच नाही, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न असा की धाकटा भाऊ एमिनेमला सर्वांत मोठा रॅपर म्हणतो, त्याचा मित्र टुपॅकचं नाव घेतो, दोघं जेवतानाही भांडतात, आणि या याद्यांत आपला एकही माणूस का नसतो हे तुम्हाला कळत नाही. निकाल देतो. माझा अधिकार एवढाच की नाशकात 18 वर्षं माझी साउंड सर्व्हिस आहे. लग्न, कीर्तन, प्रचारसभा, 14 एप्रिलचे कार्यक्रम, कॉलेजची गॅदरिंग, सगळीकडे मिक्सरमागे कानाला हेडफोन लावून मीच बसलेला असतो. लोकांना आवाज ऐकू येतो, मला श्वास ऐकू येतो. बोलणारा कुठे दम घेतो, कुठे चोरून घेतो, कुठे संपतो, सगळं.

आणि रॅप म्हणजे निम्मं तेच आहे.

गंगापूर रोडच्या एका गॅदरिंगला रॅपची स्पर्धा होती. एका पोराने माइकची जाळी मुठीत गच्च धरली. जाळी झाकली की माइकला सगळीकडचा आवाज यायला लागतो, शब्द घशात अडकल्यासारखे येतात आणि स्पीकर शिट्टी मारतो. मी स्टेजवर जाऊन त्याची बोटं खाली सरकवली, तर म्हणतो, ‘दादा, मोठे रॅपर असाच धरतात.’ पुढची तीन मिनिटं तो सुसाट सुटला. पब्लिक खूश. हेडफोनमध्ये मला वेगळंच ऐकू आलं: मागच्या ट्रॅकमध्ये त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज होता, हा श्वास घ्यायला थांबला की तो आवाज पुढे बोलायचा. पोरगा वाईट नव्हता. फक्त वेग म्हणजेच रॅप असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तुमच्या भावालाही तेच सांगितलं असावं.

माझं उत्तर राकिम.

पोरं हे नाव ऐकून तोंड वाकडं करतात, म्हणून जरा मागून सांगतो. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या डीजेने बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली, तिथून हिपहॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्या संगीताचा, जन्म धरतात. त्याने हेरलं होतं की गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवायचा. नाशिक ढोलवाल्याला हे शिकवावं लागत नाही. मिरवणूक चौकात आली की तोही एकच ठेका धरून ठेवतो. माइकवाल्याचं काम तेव्हा गर्दीला चेतवायचं होतं. त्यामुळे पुढची बरीच वर्षं रॅप म्हणजे जोरात बोलणं, आणि चौथ्या मात्रेवर, ओळ संपताना यमक. आपल्या भाषेत करून दाखवायचं तर असं:

सकाळी उठलो, चहा प्यालो,
बस पकडून सीबीएसला आलो.

1987 मध्ये एरिक बी आणि राकिम या जोडीचा पहिला अल्बम आला. राकिम ओरडत नव्हता. शांतपणे, खालच्या पट्टीत, समोर बसल्यासारखा बोलत होता. हा पोरगा सॅक्सोफोन वाजवायचा, कोल्ट्रेनचं जॅझ ऐकून वाढलेला. सॅक्सोफोनवाला कडव्याच्या कडेला थांबत नाही, फुंक संपते तिथे थांबतो. राकिमने तेच शब्दांत आणलं. यमक ओळीच्या पोटात घातलं आणि वाक्य पुढच्या ओळीत सांडू दिलं:

द्वारक्याला अडकलेला, हॉर्नवर भडकलेला, रस्ता ओला,
टेम्पोत माल, कपाळाला हात, बोला, कुणाला
सांगू…

(कविता म्हणून दोन्ही टाकाऊ आहेत, मला माहीत आहे. टेम्पोच्या बॉनेटवर बोटांनी चार मात्रा वाजवत म्हणून बघा, फरक लगेच लागतो.) दुसऱ्या तुकड्यात यमक कुठे पडेल याचा अंदाज येत नाही. कान सावध राहतो.

इथे आपल्या भाषेची एक गंमत सांगायलाच हवी. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आलो, गेलो, प्यालो, निजलो, यमक फुकटात मिळतं. म्हणून मराठी रॅपचा पहिला प्रयत्न नेहमी बडबडगीत वाटतो. इंग्रजीत ओळीच्या शेवटी कुठलाही शब्द येऊ शकतो, जुळवायला घाम गाळावा लागतो. मोरोपंतांना हे अडीचशे वर्षांपूर्वी कळलं होतं. शाळेत त्यांच्या यमकांना आपण हसलो, पण त्या माणसाने सोपं यमक कधी घेतलं नाही.

आता एमिनेम. भावाला अगदीच खोटं पाडू नका. 2013 च्या ‘रॅप गॉड’मध्ये 6 मिनिटं 4 सेकंदांत 1,560 शब्द आहेत, गिनेसमध्ये नोंद आहे. पण तो त्यामुळे मोठा नाही. इंग्रजीत ‘ऑरेंज’ला यमक नाही असं म्हणतात. त्याने 2010 च्या एका टीव्ही मुलाखतीत बसल्या जागी ‘डोअर हिंज’, ‘स्टोरेज’, ‘पॉरिज’ असे शब्द तोंडात वाकवून त्याला जुळवून दाखवले. व्यंजनं सोडून द्यायची आणि स्वर पकडायचे, ही त्याची खरी करामत. शब्दांचा सुतार म्हणून तो पहिल्या दोघा-तिघांत. पण ते रंधा मारणं सुरू झालं ते राकिमपासून, आणि हे तोही नाकारणार नाही.

टुपॅकवाल्या मित्राचं प्रकरण वेगळं. टुपॅक शब्दांचा कारागीर म्हणून बाकीच्यांच्या मागेच राहील. पण त्याचा आवाज! तो एकच ओळ दोन-तीनदा रेकॉर्ड करून एकावर एक चढवायचा, त्यामुळे एक माणूस बोलतोय असं न वाटता गल्ली बोलतेय असं वाटतं. 1995 मध्ये तो तुरुंगात असताना त्याचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. सप्टेंबर 1996 मध्ये लास व्हेगासला गोळ्या लागून गेला, वय 25. सहा महिन्यांनी, मार्च 1997 मध्ये, लॉस एंजेलिसला बिगी या दुसऱ्या मोठ्या रॅपरलाही गोळ्या घातल्या, वय 24. दोघांचं मोजमाप करताना हे मरण तराजूत येऊन बसतंच, टाळता येत नाही. मला विचाराल तर तंत्रात बिगी सरस. इतका सहज की त्याला श्वास लागतच नाही असं वाटतं.

नासने 1994 मध्ये, विशीत, दहा ट्रॅकचा आणि चाळीस मिनिटांच्या आतला अल्बम काढला. राकिमची रीत घेऊन त्यात आपल्या वस्तीचं चित्र भरलं. मग तोच का नाही पहिला? कारण पुढे आयुष्यभर तो स्वतःच्याच त्या चाळीस मिनिटांशी लढत राहिला. जे-झी कागदावर लिहीत नाही, सगळं डोक्यात. 2023 मध्ये हिपहॉपची पन्नाशी झाली तेव्हा बिलबोर्ड आणि व्हाइब या संगीताच्या मासिकांनी केलेल्या रॅपरांच्या यादीत तो पहिला होता. यश मोजायचं असेल तर बरोबरच आहे. लॉरिन हिलचा एकटीचा असा 1998 चा एकच स्टुडिओ अल्बम, पण ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळवणारा हिपहॉपमधला तो पहिला. एका अल्बमवर मोठेपण ठरतं का, यावर माझं आणि माझ्या पार्टनरचं शिर्डीच्या एका लग्नापासून भांडण चालू आहे.

केन्ड्रिक लमारपाशी मी थांबतो, कारण राकिमचा नंबर कुणी हलवलाच तर हाच हलवेल. 2018 मध्ये त्याला संगीताचं पुलित्झर मिळालं. तोवर ते शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर गेलं नव्हतं. पण 2024 मध्ये ड्रेक या दुसऱ्या रॅपरशी त्याचं जे जुंपलं ते मराठी माणसाला जास्त चटकन कळावं. एकाने गाण्यातून डिवचायचं, दुसऱ्याने दिवस उलटायच्या आत गाण्यातूनच उत्तर द्यायचं. हा कलगी-तुराच की! आपल्याकडे कलगीवाला शक्तीची बाजू घ्यायचा, तुरेवाला शिवाची, डफावर रात्र रात्र कोडी घालायचे, आणि समोरच्याला जागेवर उत्तर सुचलं नाही तर गावभर अब्रू जायची. केन्ड्रिकच्या त्या उत्तराच्या गाण्याला पुढच्या वर्षी पाच ग्रॅमी मिळाले. भांडणातली भाषा मात्र घरच्यांसमोर लावण्यासारखी नाही, आमच्या जुन्या फडातलीही सगळी नव्हती.

तुम्ही ‘एकच नाव सांगा’ म्हणालात म्हणून सांगितलं. आपले जुने लोक यात शहाणे होते. श्लोक वामनपंडितांचा, अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानोबांची, आर्या मोरोपंतांची, असं म्हणून मोकळे झाले. त्याच चालीवर: शब्दांची जोडणी एमिनेमची, आवाज टुपॅकचा, सहजता बिगीची, चित्र नासचं. आणि या सगळ्यांनी ज्या वाटेने जायचं ती वाट राकिमची.

आपला माणूस यादीत का नाही? सरळ कारण आहे, याद्या करणाऱ्यांना आपली भाषा येत नाही आणि रॅप भाषांतरात उरत नाही. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन 2023 मध्ये हिंदी बिग बॉस जिंकला, माझा हेल्पर त्याच्यासारखी साखळी घालून केबल गुंडाळतो, पण ते प्रसिद्धीचं मोजमाप झालं. मला मुंबईच्या स्वदेसी या रॅप ग्रुपचं काम जास्त पटतं. 2019 मध्ये त्यांनी आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांच्या आवाजासोबत वारल्यांचं गाणं केलं, त्यात मराठी यमकाच्या मागे धावत नाही. आणि सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक? रॅपर नव्हेत, कबूल. पण साध्या ठेक्यावर, साध्या शब्दांत, हजारो गाणी. 14 एप्रिलला त्यांचं गाणं सुरू झालं की मी फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला, हात लावत नाही. शब्द आपोआप शेवटच्या रांगेपर्यंत जातात.

भावाला राकिम ऐकवणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यावर बेस गायब होतो आणि बेस गेला की राकिम नुसता सावकाश बोलणारा माणूस वाटतो. माझ्या हेल्परला पहिल्यांदा तसंच ऐकवलं होतं. अर्ध्या मिनिटात म्हणाला, ‘काय भो, हा तर बातम्या वाचतोय.’ मग टेम्पोतल्या पंधरा इंची स्पीकरवर लावलं. त्याने अजून मान्य केलेलं नाही, पण गाणं बदल असंही म्हणाला नाही.