नोकरी सोडून, फ्लॅट विकून गाडीतच राहायचं, साधं फिरतं आयुष्य जगायचं आहे. सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की वय ३८, पुण्यात आयटीची नोकरी, जीव विटलाय. फ्लॅट विकून टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग, ओटा, संडास सगळं बसवून घ्यायचं, आणि एका गॅरेजवाल्यानं त्याचे बारा लाख सांगितलेत. ते बारा लाख सध्या बँकेतच राहू द्या. फ्लॅटही विकू नका, भाड्यानं द्या. बाकीचं पुढे वाचा.

मी आणि नवरा, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, सांगलीचे. २०२१च्या दसऱ्यापासून वर्षातले आठ महिने आम्ही ईको गाडीत काढतो. मी बँकेत होते, मुदतीआधी बाहेर पडले. नवरा वर्कशॉपमधला, त्यामुळे गाडी बंद पडली तरी आमच्या पोटात गोळा येत नाही. तुमचं तसं नसेल तर पंक्चर काढणं, बॅटरीला जंप देणं आणि फ्यूज बदलणं एवढं तरी आधी शिकून घ्या. एका रविवारचं काम आहे.

आमची सुरुवात ईकोनं झाली नाही. २०१९च्या फेब्रुवारीत घरच्याच वॅगनआरची मागची सीट पाडली, वर एक फळी टाकली, गादीऐवजी दोन गोधड्या घातल्या आणि नऊ रात्री बाहेर काढल्या. गगनबावड्यानं खाली उतरून कुणकेश्वर, मग वेंगुर्ला, आंबोलीवरून परत. नवरा उंच, त्यामुळे नऊच्या नऊ रात्री पाय दुमडून झोपला. पहिल्या रात्री डासांच्या भीतीनं काचा पूर्ण बंद केल्या. किनाऱ्यावरचा उकाडा, त्यात दोन माणसांचे श्वास. पहाटे काचांना आतून पाणी सुटलेलं आणि गोधड्या दमट. दुसऱ्या रात्री मच्छरदाणीची जाळी कापून दारांच्या वरच्या कडेत अडकवली आणि काचा चार बोटं खाली ठेवल्या. तिसऱ्या रात्री मोबाईल चार्ज करता करता गाडीचीच बॅटरी उतरली. आठव्या रात्री कळलं की आपल्याला फ्रिज लागत नाही, शॉवर लागत नाही, पण अंग पुसायला आडोसा आणि सकाळी सहाच्या आत संडास लागतो म्हणजे लागतोच.

हे सगळं जवळजवळ फुकटात कळलं. बारा लाखांची गाडी बांधून घेतली असती तर त्यात फ्रिज नक्की असता.

म्हणून पहिली पायरी हीच. आहे त्या गाडीत, दहा रात्री, घरापासून दीड-दोनशे किलोमीटरच्या आत. दिवाळी ते फेब्रुवारी या थंडीच्या दिवसांत. रजा टाकून जा, राजीनामा देऊन नको. आणि हॉटेलात एकही रात्र नको, नाहीतर ती सहल होते.

दुसरी पायरी घरातली, आणि मला ती जास्त जड गेली. आमच्या माळ्यावरून सोळा चादरी निघाल्या. आम्ही दोघं माणसं! प्लॅस्टिकचे डबे मोजायचे मी मध्येच सोडून दिले. आईस्क्रीमचे रिकामे डबेसुद्धा जपून ठेवले होते, कशाला ते देवालाच ठाऊक. आम्ही नियम केला की रोज एक वस्तू घराबाहेर जाईल. पहिले दोन महिने मजा आली. मग सासूबाईंचं तांब्या-पितळेचं सामान आलं. बंब, घंगाळ, दोन कळश्या. मोडीत घालायला म्हणून बाहेर काढलं आणि नवरा दिवसभर कुणाशी बोलला नाही. ते आता दिरांच्या पडवीत आहे. सगळं सोडता येतं असं सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण बाकी जे गेलं, त्यातल्या एकाच गोष्टीची हळहळ वाटते, पाटा-वरवंट्याची. तसाही तो गाडीत बसला नसताच.

फ्लॅट का विकायचा नाही? आपल्याकडे ज्याला पत्ता नाही त्याची कामं अडतात. आधार, बँक, मतदार यादी, गाडीचं आरसी, आरोग्य विमा, सगळ्यांना पत्ता हवा. आमची पत्रं दिरांकडे येतात, ते फोटो काढून पाठवतात. गाडीचंही तसंच. दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. आम्हाला हा प्रश्नच येत नाही, कारण पावसाळ्यात आम्ही घरी असतो. लोक याला अर्धवट फिरस्तेपणा म्हणतात. म्हणोत. संन्यासीसुद्धा चातुर्मासात एका जागी थांबतात, नर्मदा परिक्रमेला निघणारे पाऊस सरायची वाट पाहतात. जुलैत कोकणात गाडीत राहून बघा म्हणजे या रिवाजाची अक्कल कळेल. तिसऱ्या दिवशी चप्पलला बुरशी येते.

यावरून एक सांगते. ईको घेतल्यावरच्या पहिल्या डिसेंबरात भोरच्या अलीकडे धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ, उतरला होता. फलटणकडची मंडळी, वरंधा घाटानं कोकणात जाणार होती. काढणी झालेल्या शेतात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा पैसे, आणि पाऊस यायच्या बेतात परत गावाकडे. आम्ही शेजारच्या शेतात परवानगी घेऊन थांबलो होतो. सकाळी आमचा पसारा आवरेपर्यंत तिथल्या बायकांनी अख्खं बिऱ्हाड घोड्यांवर चढवलं होतं. परात, तवा, पातेली, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यांत वर दोन-तीन दिवसांची कोकरं. आमचं मच्छरदाणी घडी करणंच चाललं होतं. त्यातली एक म्हातारी चहाला येऊन बसली. गाडीत डोकावली, ओट्यासारखी फळी बघितली, डबे बघितले आणि म्हणाली, "घर हाय नव्हं तुमचं? मग कशापायी ह्यो वनवास?" मला उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणाला, "हौस." ती खूप हसली.

हौस हा शब्द मी तेव्हापासून धरून आहे. ज्यांना फिरणं चुकत नाही त्यांच्याकडे गावं कशी बघतात हे रस्त्यावर राहिल्यावर कळतं. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कायद्यातून १९५२मध्ये गेला, गावांच्या नजरेतून अजून सगळीकडे गेलेला नाही. आम्हाला मुक्कामाला कुणी हटकलं तर मी आधार कार्ड दाखवते, बँकेत होते म्हणते आणि लगेच खुर्ची मिळते. तरी गावात शिरल्यावर सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवायचं, ही सवय लावून घ्या. रात्री अकराला काचेवर काठी वाजण्यापेक्षा ते बरं.

मुक्कामाचं बाकी सोपं आहे. ट्रक थांबतात असा धाबा, तिथं जेवलात तर गाडी लावू देतात, आणि रात्रभर जाग असते. आठवड्यातून एक रात्र भक्तनिवास किंवा धर्मशाळेत काढा, म्हणजे कपडे धुता येतात आणि पाठ सरळ होते. शेगावचं भक्तनिवास स्वच्छ आहे, नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर आहेच. पेट्रोल पंपावर संडास, प्यायचं पाणी आणि हवा मोफत द्यायची असते. संडासाला कुलूप दिसलं तर किल्ली मागायची, लाजायचं नाही.

पुढेमागे गाडी घेतलीत तर आत काही कायमचं ठोकू नका. आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये येतो, त्याला आरटीओची परवानगी लागते, आणि विम्याच्या वेळी वांधे होतात ते वेगळेच. आमची फळी, पेट्या, पाण्याचा वीस लिटरचा जार सगळं सुटं आहे. दहा मिनिटांत गाडी रिकामी होते. गॅसला पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या, ओळखपत्रावर मिळतो. स्वयंपाक मात्र गाडीबाहेर. थंडीत शेगडी किंवा निखारे आत घेऊन, काचा लावून झोपू नका. त्यानं माणसं झोपेतच जातात.

खर्च विचारलात. दोघांचा महिना वीस हजारांच्या आतबाहेर जातो. त्यात आठेक हजार पेट्रोल, किराणा-भाजी-दूध सात हजार, उरलेलं बाहेरचं खाणं, धर्मशाळा, मोबाईल, गॅस. विमे आणि गाडीची दुरुस्ती यात धरलेली नाही. त्याचे महिन्याला सहा हजार वेगळे काढून ठेवतो. पहिल्या वर्षी आम्ही महिन्याला अडीच हजार किलोमीटर पळत होतो, आज इथं उद्या तिथं, आणि नोकरीत दमलो नाही एवढं दमलो. आता अकराशेच्या आत असतो. एका गावात चार-पाच दिवस राहिलं की भाजीवाली ओळखायला लागते. टोलसाठी ऑगस्ट २०२५पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता. २०० टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पण तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो, आणि हळू फिरणाऱ्याचे २०० टोल संपत नाहीत.

आईचा उल्लेख तुम्ही शेवटच्या ओळीत, कंसात केलाय. तो पहिल्या ओळीत हवा होता. त्यांच्याशी बोला, आणि त्यांना चालणार असेल तर दहा रात्रींतल्या दोन-तीन रात्री त्यांना बरोबर घ्या. माझ्या सासूबाई हयात असेपर्यंत आम्ही ही गोष्ट काढलीही नव्हती.

तुमच्याकडे सध्या गाडी कुठली आहे ते कळवा. मागची सीट पाडल्यावर सपाट होते की तिरकी राहते, तेही बघून सांगा. तिरकी राहत असेल तर फळीखाली पाय लावावे लागतात. त्याचं माप नवरा लिहून देईल.