३६ वर्षे एकच महापौर

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात मी मुलीकडे कॅनडात, मिसिसागा शहरी, तीन महिने राहून आले. तिथे हेझल मॅकॅलियन हे नाव जागोजागी दिसते. त्या ३६ वर्षे महापौर होत्या, असे जावयांनी सांगितले. आपल्या इंदुरात पाच वर्षांनी महापौर बदलतोच. लोकांनी त्यांनाच एवढी वर्षे का निवडून दिले आणि आपल्याकडे असे का होत नाही?
— एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : मॅकॅलियनबाई १९७८ मध्ये महापौर झाल्या आणि २०१४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, पुन्हा उभे न राहता पायउतार झाल्या. मधल्या काळात त्यांनी लागोपाठ १२ निवडणुका जिंकल्या. त्यांचा जन्म १९२१ चा, क्युबेकमधील एका किनारी गावातला. महाविद्यालयाचा खर्च घरच्यांना झेपण्यासारखा नसल्याने त्यांनी लवकरच नोकरी धरली, आणि माँट्रियलला असताना एका सामन्याला पाच डॉलर घेऊन त्या बर्फावरची हॉकी खेळत. लग्नानंतर त्या स्ट्रीट्सव्हिल या लहानशा गावात आल्या आणि तिथल्या महापौर झाल्या. १९७४ मध्ये हे गाव मिसिसागात विलीन झाले. या विलीनीकरणाला त्यांनी कडाडून विरोध केला होता, पण चारच वर्षांनी त्याच मोठ्या शहराचा कारभार लोकांनी त्यांच्या हाती दिला.

पदावर येऊन वर्ष होते न होते तोच, १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री, क्लोरीन आणि प्रोपेनच्या टाक्या वाहून नेणारी मालगाडी शहरात रुळांवरून घसरली आणि स्फोट झाले. क्लोरीनची गळती लवकर थांबेना, म्हणून दोन लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. बाईंचा पाय मुरगळला होता, तरी लंगडत त्या बैठकांना आणि वार्ताहरांसमोर हजर होत राहिल्या. सुमारे आठवडाभराने शहर परतले तेव्हा एकही माणूस दगावलेला नव्हता. हे श्रेय पोलीस, अग्निशमन दल आणि इतर अनेकांचेही आहे, परंतु लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली ती लंगडणारी महापौर, आणि पुढच्या अनेक निवडणुकांची पायाभरणी त्या आठवड्यात झाली असे मला वाटते.

दुसरे कारण पैशाचे आहे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. नवी वस्ती उभारणाऱ्या बिल्डरकडून रस्ते, ड्रेनेज, वाचनालये यांच्या खर्चापोटी आधीच शुल्क घ्यायचे आणि शहराने कर्ज काढायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. कॉलोनायझर प्लॉट विकून मोकळा होतो आणि ड्रेनेजसाठी रहिवासी वर्षानुवर्षे अर्ज करत राहतात, हे आपण इंदुरात पाहिलेले असल्याने या नियमाची किंमत आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. मात्र त्याला एक मर्यादा होती. मोकळी जमीन संपत आली तसे ते शुल्कही आटले आणि शहराला कर्जाचा विचार करावाच लागला. शिवाय शहर पसरत गेले ते मोटारगाडीच्या हिशोबाने. गाडी नसलेल्या माणसाला तिथे किती अडचण होते, हे आपण तीन महिन्यांत अनुभवले असेलच.

त्यांचा कारभार निष्कलंक होता असेही म्हणता येत नाही. स्वतःच्या जमिनीचा संबंध असलेल्या विषयात भाग घेतल्याबद्दल १९८२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी धरले, पण पद गेले नाही. २०११ मध्ये न्यायालयीन चौकशीने, मुलाचा आर्थिक संबंध असलेल्या हॉटेल प्रकल्पासाठी त्यांनी खटपट केली हे हितसंबंधांच्या मर्यादेचे उल्लंघन आहे, असा निष्कर्ष काढला. एकच व्यक्ती एवढी वर्षे पदावर राहिली की तिला अडवणारे कोणी आसपास उरत नाही, ही दीर्घ कारकिर्दीची खरी जोखीम आहे आणि मला ती गंभीर वाटते.

आता इंदूरविषयी. २००० पासून महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो. तेव्हापासून कैलाश विजयवर्गीय, उमाशशी शर्मा, कृष्णमुरारी मोघे, मालिनी गौड आणि पुष्यमित्र भार्गव असे पाच जण झाले आणि कोणालाही दुसरी खेप मिळाली नाही. पद कधी महिलांसाठी, कधी अन्य प्रवर्गासाठी राखीव होते, त्यामुळे पुष्कळदा विद्यमान महापौराला पुन्हा उभेच राहता येत नाही, आणि उमेदवारी पक्ष ठरवतात. मॅकॅलियनबाईंना यातली कुठलीच अडचण नव्हती, कारण तिथल्या नगर निवडणुका पक्षाच्या चिन्हावर लढवल्या जात नाहीत. इंदूरचा मतदार चंचल आहे असे मात्र कोणी म्हणू नये. उपमहापौरपद सांभाळलेल्या सुमित्राताई महाजनांना याच मतदाराने १९८९ पासून लागोपाठ आठ वेळा लोकसभेवर पाठवले.

मॅकॅलियनबाई जानेवारी २०२३ मध्ये, १०२ वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम पंधरवडा असताना गेल्या. ह्युरॉन्टारिओ रस्त्यावर ट्रामसारख्या हलक्या रेल्वेच्या मार्गाचे काम सुरू असलेले आपण पाहिले असेल. त्या मार्गाला त्यांच्या हयातीतच, २०२२ मध्ये, त्यांचे नाव दिले गेले.