मुलाचा कान फुटून पू येतोय, ठणका मात्र थांबलाय. कोमट तेल घालू का? पडदा आपोआप भरतो का?

तेल घालू नका. घरातली मोठी माणसं कितीही म्हणोत, लसूण टाकून कढवलेलंही नको. पडद्याला छिद्र असताना वरून घातलेलं काहीही सरळ मधल्या कानात उतरतं. मेडिकलमधून स्वतःहून आणलेले थेंबही नकोत. त्यातल्या काही औषधांनी ऐकण्याच्या नसेला इजा होऊ शकते.

माझ्या मुलीचा कान ती ३ वर्षांची असताना असाच फुटला. आधी सर्दी, मग एका रात्री कान धरून रडरड, आणि पहाटे एकदम शांत झोप. उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग दिसला तेव्हा मला उलगडा झाला. पडद्यामागे साचलेला पू छिद्रातून बाहेर पडला की दाब उतरतो, म्हणून ठणका थांबतो. पण कान अजून बरा झालेला नसतो. आज-उद्याच डॉक्टरांना दाखवा. कानामागे सूज येऊन पाळी पुढे आल्यासारखी दिसली, तोंड एका बाजूला वाकडं झालं, चक्कर, उलट्या किंवा गुंगी असली, तर सकाळची वाट न बघता निघा.

पडदा बहुतेक मुलांचा काही आठवड्यांत आपोआप भरतो. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवा. आलेला पू स्वच्छ सुती कापडाच्या वातीने टिपा, वात भिजली की नवी घ्या. बड्स आत घालू नका. अँटिबायोटिक लिहून दिलं तर पू थांबला म्हणून मधेच सोडू नका.

आता जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते. पू थांबला, ताप गेला, मी निर्धास्त झाले. पुढे महिनाभर मुलगी हाक मारली तरी बघायची नाही, टीव्ही मोठा करायची. हट्टीपणा समजून मी तिला रागावले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिला ऐकूच कमी येत होतं. डॉक्टरांनी कानाला बारीक नळी लावून पडदा हलतो का ते पाहिलं. छिद्र बुजलं होतं, पण मागे पाणी साचलेलं होतं. लहान मुलांत कानापासून नाकामागे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दीने ती चटकन बंद होते आणि पाण्याचा निचरा होत नाही. हे पाणी बहुधा ३ महिन्यांच्या आत आपोआप ओसरतं. आमचंही ओसरलं. त्याहून जास्त राहिलं तर ऐकण्याची तपासणी करून पुढचं ठरवतात.

म्हणून साधारण ६ आठवड्यांनी पुन्हा कान दाखवायची तारीख आजच घेऊन ठेवा. तोपर्यंत त्याच्याशी समोर बसून, चेहरा दिसेल असं बोला, आणि बालवाडीत बाईंना सांगून पुढे बसवा.